लोडरचे दरपत्रक आणि पुढची चाके

ट्रॅक्टर म्हणजे नांगरटीचे आणि ट्रॉली ओढण्याचे यंत्र, अशी व्याख्या करता येण्याजोगा काळ आता मागे पडला आहे. पाझर तलावाच्या पोटातला गाळ उचलणे, गोठ्यामागचा उकिरडा उपसून शेणखताच्या ट्रॉल्या भरणे, साखर कारखान्याच्या आवारात बगॅस आणि प्रेसमड हलवणे, वीटभट्टीवर माती लोटणे, घरबांधणीच्या जागी मुरूम पसरणे ही सारी कामे पूर्वी घमेल्या-फावड्यांनी आणि दहा-पंधरा माणसांच्या हातांनी होत, ती आज ट्रॅक्टरच्या तोंडाशी बसवलेला लोडर एकट्याने करू लागला आहे. आणि २०१७ साली राज्य सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना हाती घेतल्यापासून तर उन्हाळ्याच्या मोकळ्या महिन्यांत असले यंत्र पदरी असणे हे शेतकऱ्याला जोडधंद्याचे एक साधन वाटू लागले आहे.

या बदलाचे स्वागतच केले पाहिजे. उकिरड्यात उभे राहून दिवसभर पाट्या भरणाऱ्या माणसांचे, आणि त्यांतही स्त्रियांचे, कष्ट ज्याने वाचवले त्या यंत्राविषयी कृतज्ञताच वाटावी. तथापि लोडर विकणाऱ्याच्या दरपत्रकात, कर्ज देणाऱ्या बँकेच्या दप्तरात आणि घेणाऱ्याच्या हिशेबात एका जिनसाचा उल्लेख सहसा आढळत नाही, तो म्हणजे टायर. लोडरची किंमत लिहिली जाते, हायड्रॉलिक पंपाची लिहिली जाते, बसवणावळ लिहिली जाते. पण ज्या दोन लहान चाकांवर हा सगळा नवा बोजा पडायचा आहे, ती चाके तो बोजा सोसण्यास समर्थ आहेत की नाहीत, याची चौकशी कोणी करीत नाही. ही चौकशी लोडर बसवण्याआधी झाली पाहिजे, कागदावर झाली पाहिजे, आणि तिच्यातून निघणारा खर्च लोडरच्या किमतीचाच भाग म्हणून धरला गेला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडच्या बहुसंख्य ट्रॅक्टरांत इंजिनाची शक्ती मागच्या दोन चाकांनाच मिळते. नांगर मागे, रोटाव्हेटर मागे, ट्रॉली मागे, म्हणून वजनही मागे आणि थोरली चाकेही मागे, अशी ही मूळची रचना आहे. पुढची चाके ६.००-१६ किंवा फार तर ७.५०-१६ मापाची, अंगावर तीन सरळ पट्ट्यांची नक्षी असलेली. त्यांना नेमून दिलेले काम ट्रॅक्टरला वळवण्याचे, ओझे वाहण्याचे नव्हे. लोडर ही सारी व्यवस्था उलटी करतो. समजा, एखाद्या ट्रॅक्टरचे वजन दोन टन आहे, त्यापैकी ८०० किलो पुढच्या ॲक्सलवर आणि १,२०० किलो मागच्या ॲक्सलवर आहे, आणि दोन्ही ॲक्सलांमधले अंतर दोन मीटर आहे. त्याला साडेचारशे किलोचा लोडर बसवला, ज्याचा भारमध्य पुढच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर पुढे येतो; आणि बकेटमध्ये पाचशे किलो ओला गाळ भरला, जो त्याच ॲक्सलच्या दीड मीटर पुढे लोंबतो. शाळेत शिकलेल्या तरफेच्या नियमाने हिशेब केला तर उत्तर असे येते, की पुढच्या ॲक्सलवर आता सव्वादोन टनांच्या जवळपास भार आहे आणि मागच्या ॲक्सलवर सातशे किलोंहून थोडाच अधिक उरला आहे. उचलले पाचशे किलो. पुढच्या चाकांवरचा भार मात्र चौदाशे किलोंनी वाढला, कारण लोडरचे स्वतःचे साडेचारशे आणि मागच्या चाकांवरचे जवळजवळ पाचशे किलोही पुढे सरकून त्यांच्याच माथी आले. म्हणजे प्रत्येक पुढच्या चाकाला अकराशे किलो. आणि तेही यंत्र सपाट जमिनीवर स्वस्थ उभे असताना. भरल्या बकेटसह चाक खड्ड्यात आदळते, किंवा खाली येणारी बकेट चालक एकाएकी थांबवतो, तेव्हा हा भार क्षणभर कितीतरी पटीने वाढतो.

या हिशेबातला जो दुसरा भाग आहे, म्हणजे मागची चाके हलकी होण्याचा, तो मला पहिल्याहूनही गंभीर वाटतो. बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक असतात ते फक्त मागच्या चाकांना. पुढच्या चाकांना ब्रेक नसतो, हे रोज ट्रॅक्टर हाकणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते, कारण एरवीच्या कामात त्याची जाणीव होण्याचा प्रसंगच येत नाही. मागच्या चाकांवरचे वजन निघून गेले, की तलावाच्या उतारावरून भरलेली बकेट घेऊन खाली येताना ब्रेक दाबूनही काही उपयोग होत नाही; चाके थांबतात, ट्रॅक्टर घसरत राहतो. त्याच क्षणी पुढचे अतिभारित टायर फुटले तर यंत्र ज्या बाजूला कलंडेल त्या बाजूला चालक असतो. हा चालक बहुधा मालक नसतो. रोजावर किंवा महिन्याच्या पगारावर राबणारा तो एक तरुण असतो, आणि दरपत्रकावर, कर्जाच्या अर्जावर किंवा अनुदानाच्या कागदावर त्याची सही कुठेच घेतलेली नसते.

म्हणून टायरचा विचार करण्याच्या आधी मागच्या वजनाचा बंदोबस्त केला पाहिजे. पुष्कळ ठिकाणी असे समजले जाते, की मागच्या टायरांत पाणी भरले म्हणजे काम झाले. पाणी भरणे वाईट नाही; व्हॉल्व्ह सर्वांत वर येईल असे चाक फिरवून, त्या पातळीपर्यंत म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश पाणी आणि उरलेल्या जागेत हवा, हा जुना शिरस्ता योग्यच आहे. पण चाकातले पाणी मागच्या ॲक्सलवरच बसते. त्याने मागची पकड वाढते, पुढच्या चाकांवरचा भार मात्र एका किलोनेही कमी होत नाही. याउलट, मागच्या तिन्ही सांध्यांना पाचशे किलोची पेटी टांगली आणि तिचा मध्य ॲक्सलच्या एक मीटर मागे आला, तर तीच तरफ आता आपल्या बाजूने काम करते: पुढच्या ॲक्सलवरचे अडीचशे किलो कमी होतात आणि मागच्या ॲक्सलवर साडेसातशे वाढतात. कावड वाहणारा माणूस एकाच टोकाला घागर बांधून चालत नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे. ही पेटी विकत आणावी लागते असेही नाही. गावातल्या लोहाराकडून लोखंडी चौकट करून घ्यावी, तीत काँक्रीट ओतावे, पिनांची जागा नीट जुळवून घ्यावी; लोडरच्या किमतीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. तरीही लोडर लावलेला आणि मागे काहीच नसलेला ट्रॅक्टर आपल्याला पदोपदी दिसतो, आणि कोणालाही त्यात विपरीत असे काही वाटत नाही.

आता टायरच्या निवडीकडे वळू. टायरच्या बाजूवर जो मजकूर छापलेला असतो तो वाचण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. ‘आठ प्लाय’ किंवा ‘बारा प्लाय’ हे शब्द गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतात. कापसाच्या धाग्यांचे थर मोजून टायरची ताकद ठरत असे त्या काळचे ते माप आहे, आणि आज ते प्रत्यक्ष थरांची संख्या सांगत नसून फक्त बळकटपणाची पायरी दाखवते. त्याहून नेमका असतो तो भारांक. भारांक १०० असेल तर त्या टायरला ८०० किलो, ११० असेल तर १,०६० किलो, ११५ असेल तर १,२१५ किलो भार चालतो. त्यालाच जोडून येणारी ‘ए-६’ किंवा ‘ए-८’ ही खूण वेगाची मर्यादा सांगते, ए-८ म्हणजे ताशी ४० किलोमीटर. अगदी सावकाश चालणाऱ्या कामात टायर याहून काहीसा अधिक भार सोसू शकतो आणि चांगल्या उत्पादकांच्या तक्त्यांत त्याचे वेगळे आकडे दिलेले असतात. परंतु ती सवलत काही मीटरांच्या ये-जा करण्यापुरती आहे, भरली बकेट घेऊन डांबरी रस्त्याने गावात येण्यासाठी नाही. वर मांडलेला अकराशे किलोंचा हिशेब ज्याने समजून घेतला, त्याला पुढचे टायर घेताना दुकानदाराला काय विचारायचे ते आपोआप कळेल. प्लायची पायरी वाढवावी. रिमला आणि ट्रॅक्टरच्या उत्पादकाला मान्य असेल तर मापही वाढवावे. आणि टायरबरोबर रिमही तपासावे, कारण बळकट टायर कमकुवत रिमवर चढवला तर वाकण्याची पाळी रिमवर येते.

नक्षीच्या बाबतीत मतभेदाला जागा आहे. मागच्या चाकांना आपण जे उंच, तिरप्या दातांचे टायर वापरतो, ज्यांना आर-१ म्हणतात, ते चिखलात आणि नांगरटीत उत्तम. पण कारखान्याच्या काँक्रीटवर किंवा खडीच्या ढिगापाशी त्यांचे दात लवकर झिजतात. आर-४ या प्रकारच्या औद्योगिक टायरांचे दात रुंद व ठेंगणे, बाजू ताठ आणि अंग जाड असते. कठीण जमिनीवर ते दीर्घकाळ टिकतात, टोकदार दगडाला दाद देत नाहीत, मात्र ओल्या गाळात आर-१ इतके पकडत नाहीत. ज्याचा ट्रॅक्टर बारा महिने लोडरचेच काम करतो त्याने आर-४ अवश्य घ्यावेत. ज्याची आठ-नऊ महिने शेती आणि उन्हाळ्यापुरता लोडर आहे, त्याने मागचे चांगले टायर बदलण्याच्या भरीस पडू नये. तोच पैसा पुढच्या चाकांवर आणि मागच्या पेटीवर खर्च करावा. चारही चाकांना शक्ती मिळणारा ट्रॅक्टर लोडरसाठी मुळातच अधिक योग्य, कारण त्याची पुढची चाके, ९.५-२४ सारख्या मापाची, थोरली असतात आणि ॲक्सलही दणकट असतो. पण तिथे एक खबरदारी घ्यावी लागते. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या घेराचे प्रमाण गिअरांशी जुळवलेले असते, म्हणून मिळेल ते माप पुढे चढवले, किंवा पुढे नवे आणि मागे गुळगुळीत टायर ठेवले, तर दोन्ही ॲक्सल एकमेकांशी झगडू लागतात आणि त्याची किंमत पुढच्या गिअरांना मोजावी लागते.

येथे थोडे विषयांतर करतो. ट्रॅक्टरला हवेचे टायर ही कल्पना फार जुनी नाही. डनलॉपने हवेचा टायर १८८८ साली सिद्ध केला, मोटारगाड्यांनी तो लवकरच स्वीकारला. ट्रॅक्टर मात्र १९३० च्या सुमारापर्यंत लोखंडी चाकांवर आणि लोखंडी दातांवरच चालत राहिला. १९३२ साली अमेरिकेत ॲलिस-चामर्स कंपनीने फायरस्टोनच्या साहाय्याने हवेच्या टायरांचा ट्रॅक्टर बाजारात आणला तेव्हा शेतकऱ्यांचा त्यावर विश्वास बसेना. म्हणून पुढच्याच वर्षी बार्नी ओल्डफील्ड या शर्यतपटूकडून तसला ट्रॅक्टर ताशी ६४ मैलांच्या वेगाने पळवून दाखवावा लागला. लोखंडाच्या चाकावर विश्वास असणे स्वाभाविक होते. हवा दोन टनांचे यंत्र तोलून धरते हे मनाला पटणे कठीण होते. मला वाटते, नव्वद वर्षांनंतरही ते आपल्याला पुरते पटलेले नाही. टायरचे रबर भार वाहते अशीच आपली समजूत असते. वस्तुतः भार वाहते ती आतली कोंडलेली हवा. रबर आणि धागे हे तिला कोंडून ठेवणारे पात्र आहे. हे एकदा ध्यानात आले, की हवेचा काटा ही ट्रॅक्टरच्या पेटीतली सर्वांत मोलाची वस्तू ठरते.

आपल्याकडे मात्र हवा अंदाजाने भरली जाते. पंक्चरवाला टायरवर लाथ मारून किंवा हातोडी वाजवून ‘झाली’ म्हणतो आणि आपण निघतो. शेतकामासाठी मागे बारा-चौदा पौंड आणि पुढे चोवीस ते तीस पौंड हा जो सर्वसाधारण प्रघात आहे, तो लोडरच्या पुढच्या चाकांना अपुरा पडतो. तिथे टायरच्या बाजूवर त्या भारासाठी जितका दाब सांगितला असेल तितका, आणि कमाल मर्यादेपलीकडे कदापि नाही, असा नियम ठेवावा. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. वैशाखातल्या दुपारी तापलेल्या टायरात काटा चार पौंड जास्त दाखवतो म्हणून हवा सोडून दिली, तर रात्री तोच टायर उपाशी राहतो. हवा कमी असलेल्या टायरचे काय होते ते ज्याला पाहायचे असेल त्याने एखाद्या गाळाच्या खाणीवर पुढचे चाक उतरवताना उभे राहावे. टायरच्या बाजूला, रिमच्या कडेपासून दोन बोटांवर, सबंध वर्तुळभर बारीक चिरांची एक रेघ उमटलेली असते. बोटाने दाबली की तिच्यातून आतले धागे डोकावतात. आतली ट्यूब काढली तर तिचा व्हॉल्व्ह सरळ नसतो, तिरपा ओढला गेलेला असतो, आणि त्याच्या मुळाशी रबर फाटायला लागलेले असते. कारण ट्रॅक्टर जागच्या जागी उभा, बकेट भरलेली, आणि चालक पूर्ण ताकदीने स्टिअरिंग फिरवतो आहे, अशा वेळी कमी हवेचा टायर रिमवरच सरकतो आणि ट्यूबला बरोबर ओढत नेतो. रिम मात्र व्हॉल्व्ह धरून ठेवते. थोडे पुढे-मागे सरकत स्टिअरिंग फिरवावे, एवढे चालकाला सांगितले तरी पुढच्या टायरांचे आयुष्य पुष्कळ वाढते.

बाकी निगा अवघड नाही. काम संपल्यावर नक्षीत अडकलेले दगड बोथट हत्याराने काढावेत, तुरीच्या आणि कपाशीच्या खुंटांनी पडलेल्या जखमा पाहाव्यात, डिझेल-ग्रीस लागले असेल तर धुवावे, चाकांचे नट आवळावेत, पावसाळ्यात लोडर उतरवून ठेवावा. पुढच्या टायरची एकच कड पिसासारखी झिजत असेल तर दोष टायरचा नसून चाकांच्या रोखाचा किंवा किंगपिनच्या बुशांचा आहे हे ओळखावे. लोडरच्या पुढच्या चाकांना रिमोल्ड केलेला टायर कधीही लावू नये. बाजूवर चीर पडून धागे दिसू लागलेला टायर ट्रॉलीलाही लावू नये. नवा टायर घेताना बाजूवरचे चार आकडे पाहावेत. ०९२४ म्हणजे २०२४ सालच्या नवव्या आठवड्यातला. दुकानाच्या दारात ऊन खात वर्षानुवर्षे पडलेला माल आपल्या गळ्यात पडू नये.

पण एका बाबतीत मला हात जोडून विनंती करावीशी वाटते. रिमला तडा गेला असता टायर चढवलेलाच ठेवून तिच्यावर वेल्डिंग करण्याची जी पद्धत आपल्या गॅरेजांत पडली आहे, ती प्राणघातक आहे. उष्णतेने आतले रबर आणि वंगण यांचा ज्वालाग्राही वायू होतो, आणि बंद टायर बॉम्बसारखा फुटतो; हवा सोडलेली असली तरीही हा धोका टळत नाही. आधी टायर उतरवावा, मगच रिमला हात लावावा. तसेच टायरची कड रिमवर बसत नाही म्हणून पंपाचा जोर वाढवत जाऊ नये. ३५ पौंडांच्या वर जाण्याऐवजी हवा सोडावी, कडेला साबणाचे पाणी लावावे, आणि पुन्हा प्रयत्न करावा. हे काम करणारी मुले सोळा-सतरा वर्षांची असतात आणि टायरवर ओणवी होऊन हवा भरत असतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या हिशेबाला लागणारी माहिती दुर्मीळ आहे काय? मुळीच नाही. मध्य प्रदेशातल्या बुधनी येथील केंद्रीय संस्थेत आपल्या देशातल्या ट्रॅक्टरांची रीतसर चाचणी होते, आणि तिच्या अहवालात यंत्राचे वजन, पुढच्या व मागच्या ॲक्सलवरची त्याची विभागणी, दोन्ही ॲक्सलांमधले अंतर आणि टायरांची मापे नमूद असतात. लोडर बनवणाऱ्याला आपल्या लोडरचे वजन आणि पोच ठाऊक असते. हे दोन कागद शेजारी ठेवले की मी वर केलेला हिशेब कोणताही कृषी अधिकारी किंवा बँकेचा तपासनीस अर्ध्या तासात करू शकेल. टायर तरी दुर्मीळ आहेत काय? युरोप-अमेरिकेतल्या लोडरांना लागणारे भारी टायर आपल्याच वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत तयार होतात आणि जहाजांनी तिकडे जातात. तिकडच्या शेतकऱ्याला जे मिळते ते आपल्या गाळ उपसणाऱ्या मुलाच्या चाकाखाली नसावे, याचे समर्थन कोणत्या आधारावर करायचे?

खर्च वाढेल, अशी तक्रार होईल. ती खोटी नाही. कर्जाचा हप्ता आधीच जड आहे आणि दरपत्रकात आणखी एक ओळ वाढली की शेतकरी बिचकतो. पण ती ओळ आज लिहिली नाही म्हणून खर्च टळतो असे नाही. तो दुसऱ्या उन्हाळ्यात फुटलेल्या टायरच्या, तुटलेल्या स्टब ॲक्सलच्या आणि ऐन हंगामात बंद पडलेल्या दिवसांच्या रूपाने वसूल होतो, आणि तेव्हा त्याला बँकही नसते आणि अनुदानही नसते. म्हणून लोडरच्या प्रत्येक दरपत्रकात तीन बाबी सक्तीच्या कराव्यात: बकेट पूर्ण भरलेली असताना पुढच्या ॲक्सलवर येणारा भार किलोंमध्ये, तो भार सोसणाऱ्या टायरांचे माप, प्लाय, भारांक आणि हवेचा दाब, आणि मागे टांगावयाच्या पेटीचे वजन. या तीन ओळी नसतील तर बँकेने कर्जाचा अर्ज परत करावा, आणि कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानातून लोडर द्यायचा झाल्यास पुढचे टायर आणि मागची पेटी यांनाही त्याच मंजुरीत धरावे. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. कृषी विभागाने काढलेले एक परिपत्रक आणि अर्जाच्या नमुन्यात केलेला एक फेरफार पुरेसा आहे, आणि तो गाळाचा पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी सहज होण्यासारखा आहे.